एका हौदातील दोघी

फूल देखणे दिसले की त्यास कमळ म्हणून मोकळे व्हावे, ही आपल्या मराठी घरांची जुनी रीत. कृष्णकमळ ही वेल, तर ब्रह्मकमळ निवडुंगाच्या कुळातले! तेव्हा बडोद्यातील आमच्या घरच्या हौदातील दोन्ही फुले वर्षानुवर्षे कमळेच राहिली, यात नवल नाही.

वस्तुतः त्यांत कमळ एकही नाही. कमळाचे पान अखंड वाटोळे, पाण्यावर उंच उभे राहणारे. या दोघींची पाने देठापर्यंत चिरलेली आणि पाण्यावर पसरलेली. (लिनियसनेही १७५३ साली कमळास यांच्याच प्रजातीत बसविले होते, हे सांगून टाकावे.) पांढरी ती निंफिया प्युबेसेन्स, फिकट निळी ती निंफिया नौचाली, सख्ख्या बहिणीच म्हणा. पान उलटून पाहावे. पांढरीच्या पानाची कड करवतीसारखी दातेरी आणि पाठ लवेने मऊ. शास्त्रीय नाव त्या लवेवरूनच पडले. निळीचे पान खालून गुळगुळीत, कड फार तर नागमोडी. निळीच्या परागकोशांच्या माथ्यावर इवलीशी शेंडी असते, पांढरीच्या नसते. अमरकोशात पांढरीस कुमुद व कैरव, निळीस इंदीवर अशी निरनिराळी नावे आहेत. आमचे गुजराती शेजारी पोयणुं म्हणतात.

पण खरा भेद वेळेचा. पांढरी सांज झाल्यावर उमलते आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढेपर्यंत उघडी राहते. निळी ऊन वर आल्यावर उघडते, दुपार कलली की मिटते. राज्य सरकारच्या चाकरीत आम्ही सकाळी निघत असू तेव्हा निळी मिटलेली, आणि दिवेलागणीनंतर परतावे तेव्हाही मिटलेलीच. रविवारची दुपार तर झोपेची! आमच्या लेखी हौद पांढऱ्या फुलांचाच होता. आमच्या सौभाग्यवती मात्र त्याला नेहमी निळा हौद म्हणत, आणि आम्हांस ते हौदाच्या रंगाविषयी वाटे.

दुपारची उष्टीखरकटी आटोपल्यावर हौदाच्या काठी बसण्याची त्यांची जागा ठरलेली होती, हे आम्हांस निवृत्तीनंतर दिसले. कोणत्या फुलावर मधमाश्या आधी येतात, कोणते आज शेवटचे उमलले, हे त्यांस ठाऊक. आता आम्हीही तेथे बसतो. पहिल्या दिवशी त्यांनी काही न बोलता थोडे सरकून जागा दिली. संध्याकाळी पांढरी उघडू लागते तेव्हा आम्ही त्यांना हाक मारतो. त्या वेळी त्या देवघरात असतात.