दोन गावांचं देणं

आमच्या खानापूर तालुक्यात कुणाचा पोरगा काय करतो असं विचारलं, तर निम्म्या घरांतून एकच उत्तर येतं, ‘गलाईला आहे.’ मग पुढचा प्रश्न फक्त गावाचा. त्रिशूर, सेलम, विजयवाडा, रायपूर, कुठंही. विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातली माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर पांगली. जिथं सराफकट्टा, तिथं विट्याकडचा एक तरी गलाईवाला असतोच. माझ्या वाट्याला दोन गावं आली, आधी कोइमतूर आणि मग म्हैसूर. मध्ये सत्यमंगलमचं जंगल आणि दिंबम घाटाची सत्तावीस वळणं. अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे जवळपास आमच्या विट्याहून पुण्याइतकंच. पण घाट उतरला की भाषा बदलते, हवा बदलते आणि माणसाची चालसुद्धा बदलते.

दहावी झाली आणि १९८९ साली गावातल्या एका सेठबरोबर मी कोइमतूरला गेलो. दुकान कसलं, राजा स्ट्रीटच्या एका बोळातली दहा बाय बाराची खोली. दिवसा तिथंच काम, रात्री तिथंच पथारी. सोनार जुनं, डाक लागलेलं सोनं आणून टाकायचा. त्यात तिप्पट चांदी घालायची, मुशीत वितळवायची, पाण्यात ओतून दाणे पाडायचे आणि ते दाणे नायट्रिक ॲसिडमध्ये उकळायचे. चांदी-तांबं विरघळून जातं, सोनं तेवढं तळाला राहतं. पण ते पाहून कुणी त्याला सोनं म्हणणार नाही. फिल्टर कॉफीच्या पुडीसारखा तपकिरी चोथा असतो तो. तो पुन्हापुन्हा धुऊन परत मुशीत घातला की मग कुठं पिवळा रंग येतो. उरलेल्या पाण्यात तांब्याची पट्टी सोडली की चांदीही परत मिळते. या सगळ्यात नाकातोंडात जाणारा पिवळट धूर मात्र परत कुठं जात नाही. तो बोळातल्या सगळ्यांनीच खाल्ला. शेजारी राहणाऱ्यांचे आमच्यावर तेवढे उपकार आहेतच.

बोळाच्या तोंडाशी एक पाट्टी घरगुती मेस चालवायची. पाट्टी म्हणजे आजी. तिचं नाव मला कितीतरी वर्षं माहीत नव्हतं, कारण सगळे तिला पाट्टीच म्हणत आणि ती आम्हा सगळ्यांना लाडानं ‘कण्णु’ म्हणायची. पहिल्या आठवड्यात तिनं विचारलं, तंजावूरचे रायर का तुम्ही? तमिळ मुलखात मराठी म्हटलं की लोकांना आधी तंजावूर आठवतं. मला तेव्हा तंजावूरचे भोसले शाळेच्या पुस्तकापुरतेच ठाऊक. मी मान हलवली आणि पानावर बसलो.

शनिवारी रात्री तिच्याकडे ‘अरिसी परुप्पु साधम’ असायचं. तांदूळ आणि तूरडाळ एकत्र शिजवलेली, त्यात छोटे कांदे, लसणाच्या अख्ख्या पाकळ्या, वरून तूप. आपल्या खिचडीची बहीण म्हणा, पण कोंगू मुलखाची चव वेगळी. भाकरीवर वाढलेल्या मला भाताचं दोन वेळचं जेवण पहिल्यांदा पोटात राहीना. पाट्टीच्या ते लक्षात आलं. तिनं कुठून तरी नाचणीचं पीठ आणलं आणि माझ्यासाठी आठवड्यातून एकदा जाड भाकरीसारखं काहीतरी थापायला लागली. ते भाकरीसारखं अजिबात नव्हतं. मी सगळं खायचो.

कोइमतूर कसं शहर आहे, हे मला तिच्या मेसवर कळलं. तिथं जेवायला येणारे सगळे काहीतरी बनवणारे. कुणी पंपाच्या कारखान्यात फिटर, कुणी वेट ग्राइंडरचे दगड घडवणाऱ्याकडे, कुणी सूतगिरणीत. आमच्या सांगली जिल्ह्यात पंप म्हणजे किर्लोस्करवाडी, एवढंच आम्हाला माहीत. इथं गल्लोगल्ली मोटार वाइंडिंग आणि लेथ. १८८८ साली स्टेन्सची पहिली गिरणी उभी राहिली, पुढं १९३०च्या दशकात निलगिरीतल्या पायकाऱ्याची वीज आली आणि गिरण्यांची रांग लागली. राजवाडा नाही, समुद्र नाही, मोठी नदी नाही. नोय्यल आहे, पण तिचं काय झालंय ते बघवत नाही. या गावानं जे मिळवलं ते हातानं मिळवलं. म्हणून हाताला काम असलेल्या माणसाला तिथं कुणी ‘तू कुठला’ असं दुसऱ्यांदा विचारत नाही. सोनाराचा मुनीम कागदाच्या चिटोऱ्यावर वजन लिहून लाखाचा माल माझ्यासारख्या मिसरूडही न फुटलेल्या पोराच्या हातात देऊन जायचा. हा विश्वास आधीच्या गलाईवाल्यांनी कमावलेला होता, मी फक्त त्यावर जगलो. ते ऋणही खात्यावर लिहून ठेवतो.

आणि पाणी. केरळच्या हद्दीत शिरुवाणी धरण आहे, तिथलं पाणी कोइमतूरला येतं. रोज येत नाही, पण जेव्हा येतं तेव्हा गोड लागतं. गावाकडे टँकरमागं घागर घेऊन पळालेल्या माणसाला त्या चवीचं काय वाटलं असेल, ते दुष्काळी भागातल्या वाचकाला सांगायला नको.

१४ फेब्रुवारी १९९८ला कोइमतुरात बॉम्बस्फोट झाले. अठ्ठावन्न माणसं गेली. त्याआधी नोव्हेंबर-डिसेंबरातच दंगल होऊन गेली होती. स्फोटांनंतर कर्फ्यू, झडत्या, घराघरांत चौकशी. आमच्या खोलीत काय होतं? नायट्रिक ॲसिडचे कॅन, गॅसची भट्टी आणि तमिळ धड न येणारी परप्रांतातली चार पोरं. पोलीस आले, कॅन बघितले आणि आम्हाला बाहेर उभं केलं. सेठ गावाला गेलेला. माझी जीभ टाळ्याला चिकटली होती. पाट्टी पदर खोचून आली. तिनं पोलिसांना सोनं कसं गाळतात ते पहिल्यापासून सांगितलं. दाणे, उकळणं, धुणं, सगळं बिनचूक. इतकी वर्षं आमचं काम ती बघत होती, हे आम्हाला तेव्हा समजलं. शेवटी ती म्हणाली, ही माझी पोरं आहेत, न्यायची असतील तर मलाही न्या. त्यांनी कॅन मोजून लिहून घेतले आणि ते निघून गेले.

दोन-तीन वर्षांनी म्हैसूरला स्वतःचं दुकान टाकायची संधी आली. अशोक रोडच्या बाजूला एक गाळा मिळत होता, पण पागडीला पैसे कमी पडत होते. गावाकडून काही येण्यासारखं नव्हतं. पाट्टीची भिशी चालू होती. तिनं त्या महिन्याला बोली लावून, घाटा सोसून भिशी उचलली आणि पैसे रुमालात बांधून माझ्या हातात दिले. कागद नाही, साक्षीदार नाही. मी दीड वर्षात फेडले. तिनं व्याज घेतलं बरं का, शेवटच्या रुपयापर्यंत. बोलीत बुडालेला घाटासुद्धा धरून. मला वाईट वाटलं नाही, उलट बरंच वाटलं. कोइमतूरमध्ये माया आणि हिशेब एकाच घरात नांदतात. फुकटात दिलं असतं तर मी तिच्यासमोर ताठ मानेनं कधीच बसलो नसतो.

म्हैसूरला पहिलं वर्ष फार जड गेलं. कामाचा माणूस इथं चिडूनच मरतो. दुपारी बाजार पेंगतो. सोनार म्हणायचा, ‘नाळे बन्नी.’ उद्या या. उद्या गेलं की कॉफी पाजायचा आणि पुन्हा उद्या. कोइमतूरचा सोनार भट्टीशेजारी उभा राहून मूस कधी उतरते ते बघायचा. इथला कॉफीचा ग्लास हातात घेऊन हवापाण्याबद्दल बोलायचा. हवा बोलण्यासारखी आहे, हे मात्र कबूल. उंचीवरचं गाव, एप्रिल-मेच्या रात्रीही निवतात. कोइमतूरला पालघाटच्या खिंडीतून वारा येतो, तो जून-जुलैत सुखाचा, पण मार्च-एप्रिलात काही खरं नाही.

घर मिळालं कृष्णमूर्तिपुरममध्ये, एका निवृत्त शाळामास्तरांच्या वाड्यातल्या मागच्या दोन खोल्या. त्यांना सगळे मेष्ट्रु म्हणत. मराठी माणूस म्हटल्यावर त्यांनी पहिला प्रश्न केला, बेंद्रे वाचलेत का? द. रा. बेंद्रे हे कन्नडचे मोठे कवी, घरची भाषा मराठी. मी नाव ऐकलं होतं, वाचलं काहीच नव्हतं. मेष्ट्रु हसले आणि भाडं शंभर रुपयांनी कमी केलं. बेंद्र्यांच्या नावावर मला सूट मिळाली, याची मला आजही गंमत वाटते.

पुढं माझ्या मुलीला शाळेत कन्नड येईना, तेव्हा मेष्ट्रूंनी रोज संध्याकाळी ओट्यावर बसून तिला अक्षरं गिरवायला लावली. पैसे विचारले तर रागावले. तिच्या शेजारी बसून मीही शिकलो. पस्तिशीच्या पुढं माणूस बाराखडी गिरवतो ते दृश्य ओट्यावरून जाणाऱ्यांना बरंच करमणुकीचं होतं. पहाटे ते मला कुक्करहळ्ळी तळ्याला फिरायला न्यायचे. म्हैसूरच्या मुम्मडी कृष्णराज महाराजांनी १८६४मध्ये बांधवलेलं हे तळं. काठानं चालताना मेष्ट्रु गाव समजावून सांगायचे. इथं १९०३लाच नगरसुधार मंडळ आलं, म्हणून रस्ते रुंद आणि झाडं जागच्या जागी. १८९७ला जुना वाडा जळाला, मग आजचा राजवाडा १९१२ला पुरा झाला. ज्या सय्याजी राव रोडवरून तू रोज दुकानाला जातोस, तो तुमच्या बडोद्याच्या सयाजीरावांच्या नावाचा. ते सांगताना त्यांचा सूर असा, की जणू तो रस्ता माझ्या आजोबांनीच दिला होता.

म्हैसूरला राजानं दिलेलं गाव म्हणतात, त्यात तथ्य आहे. विद्यापीठ, बागा, कृष्णराजसागराचं पाणी, सगळं वरून आखून खाली आलेलं. म्हणून इथल्या माणसाला घाई नाही. पण घाई नसलेल्या माणसाकडे दुसऱ्याच्या पोरीला बाराखडी शिकवायला वेळ असतो, हे मी चिडलेला असताना मला दिसलं नव्हतं.

म्हैसूरपाकावरून मात्र दोन्ही घरांत माझी पंचाईत व्हायची. म्हैसूरचा तो खरा. राजवाड्याच्या मुदपाकखान्यातला, जाळीदार, खुसखुशीत, दाताखाली भुगा होणारा. कोइमतूरची एक मिठाईची पेढी करते तो तुपानं थबथबलेला, जिभेवर विरघळणारा. मी एकीकडून दुसरीकडे डबे नेत असे. मेष्ट्रूंनी कोइमतूरचा एक तुकडा खाल्ला आणि म्हणाले, शिरा चांगला आहे. पाट्टीनं म्हैसूरचा हातात धरला, खालीवर बघितलं आणि दात नसलेल्या माणसाला हा कुणी पाठवला असं विचारलं. या वादात मी पाट्टीच्या बाजूचा. म्हैसूरमध्ये हे मोठ्यानं बोलत नाही.

२०१६च्या सप्टेंबरात कावेरीच्या पाण्यावरून दोन्ही राज्यांत भडका उडाला. बंगळुरूत बस जाळल्या, सीमेवरची एसटी वाहतूक बंद झाली. त्याच आठवड्यात पहाटे पाट्टीच्या मुलाचा फोन आला, ती गेली. कर्नाटकाची बस पुढं जात नव्हती, तमिळनाडूची इकडं येत नव्हती आणि म्हैसूरच्या नंबरची गाडी घेऊन घाट उतरायचं धाडस कुणी करेना. मेष्ट्रु तेव्हा ऐंशीच्या घरात होते. त्यांनी पाट्टीला कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी आपल्या एका जुन्या विद्यार्थ्याला झोपेतून उठवलं, त्याच्या गाडीत मला बसवलं आणि स्वतः पुढच्या सीटवर बसले. चामराजनगर ओलांडून जंगलातल्या नाक्यापर्यंत त्यांनी मला सोडलं. नाका पायी ओलांडला, पलीकडे पोलिसांनीच एका दुधाच्या गाडीत जागा करून दिली. सत्यमंगलमला पाट्टीचा नातू मोटारसायकल घेऊन उभा होता. दुपारी मी वेळेत पोचलो. खांदा दिला. पाट्टीच्या मुलानं मला भावांच्या रांगेत उभं केलं.

आता गावाकडची पोरं फोन करून विचारतात, काका, कोइमतूर बरं की म्हैसूर? २०११च्या जनगणनेत महापालिकेच्या हद्दीत कोइमतूर दहा लाखांच्या वर, म्हैसूर नऊ लाखांच्या आसपास. मी सरळ सांगतो. लग्न झालं नसेल, हातात कसब असेल आणि खिसा रिकामा असेल तर कोइमतूर. तिथं कामाला उठाव आहे, दवाखाने चांगले आहेत आणि उधारी वेळेवर फेडली तर पुन्हा मिळते. मुलं शाळेत जायच्या वयाची झाली की म्हैसूर. तिथं कमाई थोडी कमी होईल, ती धरून चाला. मी स्वतः म्हैसूरला घर बांधलंय, पण आज पुन्हा सोळा वर्षांचा झालो तर बस कोइमतूरचीच पकडेन. कुठंही गेलात तरी पहिल्या वर्षात दुकानांच्या पाट्या वाचता येतील एवढी लिपी शिका. आपली माणसं वीस-वीस वर्षं राहून तेवढंही करत नाहीत, आणि ते मला अजिबात पटत नाही.