नांदेड ते लातूर : कातड्याच्या शोधात

गेल्या ईदुल अजहाला आमच्या नांदेडच्या घरी एक साधीच, पण मनाला लागून राहिलेली गोष्ट घडली. कुर्बानी झाली, गोश्ताचे तीन हिस्से झाले, वाटपही वेळेत झाले. कातडे मात्र अंगणातच पडून राहिले. पूर्वी सकाळी दहाच्या आत मदरशांची मुले पावतीपुस्तक घेऊन दारात हजर असत. या वेळी असरनंतर एक मुलगा आला. त्याने कातडे उलटून पाहिले आणि अदबीने म्हणाला, "सर, चार ठिकाणी सुरी लागली आहे, वासही सुटलाय. रिक्षाचे भाडेही निघणार नाही." शेवटी ते आम्ही पुरून टाकले.

दोन महिने त्या बकऱ्याला हाताने चारा घालणारे आम्ही. त्याच्या कातड्याकडे अर्धा तासही लक्ष दिले नव्हते. हजरत अली (रजि.) यांना कुर्बानीच्या जनावरांचे मांस आणि कातडी गरजूंत वाटण्याचा हुकूम झाला होता, त्यातून खाटकाची मजुरीही देऊ नये असे बजावले होते, हे आम्ही मुलांना वर्गात शिकवतो. म्हणजे ते कातडे गरिबाची अमानत होती आणि ती आमच्या दारात सडली.

उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही ठरवले, कातडे म्हणजे काय ते एकदा हात लावून शिकायचे. घरात सांगताच अब्बा चिडले. "मास्टरी छोड को चप्पलां सीते क्या?" त्यांना उलट बोलणे आमच्याने झाले नाही. रात्री जेवताना मात्र आठवीतल्या लेकीने उम्मुल मोमिनीन हजरत जैनब बिन्ते जहश (रजि.) यांची गोष्ट काढली. त्या स्वतः कातडी कमावत, शिवत आणि त्या कमाईतून सदका करीत. अब्बा काही बोलले नाहीत. पण पुन्हा विरोधही केला नाही.

लातूरला खालाजान राहतात, म्हणून तिकडेच जायचे ठरले. एसटी लोह्याहून पुढे माळेगावच्या मैदानाजवळून जाते. खंडोबाच्या यात्रेत इथे घोडे, गाढवे, बैल यांचा मोठा बाजार भरतो. मैदान आता रिकामे होते. अहमदपूरपर्यंत रस्त्याच्या कडेला बाभळी आणि तरवडाची झुडपे दिसत राहिली. आम्ही ती जन्मभर पाहत आलो आहोत. त्यांचा आणि कातड्याचा काय संबंध, ते दुसऱ्या दिवशी कळले.

लातूरची गंजगोलाई ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मधोमध १९१७ साली बांधलेली दुमजली गोल इमारत, आत अंबाबाईचे मंदिर आणि भोवती चाकाच्या आऱ्यांसारखे फुटलेले सोळा रस्ते. हा आराखडा फैयाजुद्दीन या नगररचनाकाराचा. सोने, मिरची, गूळ, चपला, ज्याचा त्याचा बाजार भोवती मांडलेला. चपलांच्या ओळीत, एका पायरीवर बसलेल्या वृद्ध कारागिरांपाशी आम्ही थांबलो. आम्ही त्यांना मामा म्हणू लागलो, ते आम्हाला गुरुजी आणि बाई. "शिकायचंय? कशाला? हौस म्हणून?" ते हसले. मग त्यांनी पोते उलगडून दोन तुकडे आमच्या हातात दिले.

पहिला तुकडा कडक, बदामी रंगाचा, झाडपाल्यासारखा वास येणारा. हे सालीत कमावलेले कातडे. बाभळीची साल, तरवडाची साल, हिरडा यांच्या पाण्यात मुरवून ते तयार होते. त्याला वेळ लागतो, पण ते ओले करून हवा तसा आकार देता येतो आणि हाताळून त्याचा रंग खुलत जातो. दुसरा तुकडा मऊ, लवचिक. कापलेल्या कडेला आत निळसर झाक. हे क्रोमचे. ते लवकर तयार होते, पाण्याला टिकते, मात्र त्यावर ठसा नीट उठत नाही. नवशिक्याने पहिल्या प्रकारापासून सुरुवात करावी, असे मामांचे मत.

"डोळ्यानं नका बघू, बोटानं बघा," ते म्हणत. वाकवून पाहा, वरचा थर भेगाळतो का. कापलेली कड पाहा. खऱ्या कातड्यात तंतू गुंतलेले दिसतात, रेग्झिनमध्ये खाली कापड दिसते. एकसारखे, डागरहित, प्लास्टिकसारखे चकाकणारे कातडे दिसले तर सावध व्हावे. पाठीचा भाग घट्ट असतो, पोटाचा सैल पडतो. म्हणून पट्टा नेहमी पाठीतून कापायचा. पट्ट्याला तीन ते चार मिलिमीटर जाडी लागते, पाकिटाला एक ते दीड पुरे. आमच्या भागातली काळी उस्मानाबादी शेळी सर्वांना माहीत आहे. शेळीचे कातडे पातळ असूनही चिवट असते. पाकीट, चष्म्याचे घर, पुस्तकाची जिल्द यांसाठी ते उत्तम.

आपल्या घरांसाठी आणखी दोन गोष्टी. तयार बॅगेच्या किंवा बुटाच्या अस्तरावर केसांची छिद्रे तीन-तीनच्या पुंजक्यात दिसली तर ते डुकराचे कातडे असते. आणि २०१५ मध्ये आपल्या राज्यात बैल व वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. तेव्हा कातडे कशाचे ते दुकानदाराला स्पष्ट विचारावे आणि पावती घ्यावी. आम्ही म्हशीचे आणि शेळीचेच घेतले, पावती पाकिटात जपून ठेवली.

हत्यारांची यादी आम्ही घरून लांबलचक लिहून नेली होती. मामांनी ती वाचायला लावली आणि निम्म्याहून अधिक खोडायला सांगितली. राहिले ते एवढेच : धारदार रापी, पोलादी पट्टी, आरी, दोन बोथट सुया, मेण लावलेला जाड दोरा, लाकडी हातोडी आणि कड घासायला गुळगुळीत लाकडाचा तुकडा. रापी महाग नसली तरी चालेल, बोथट चालणार नाही. बोथट हत्यार जोर मागते आणि जोर लावला की ते घसरते. आमच्या डाव्या अंगठ्यावर त्याची खूण अजून आहे.

टाका शिकायला तीन दिवस लागले. एकाच दोऱ्याच्या दोन्ही टोकांना सुया. चार-चार मिलिमीटरवर आरीने छिद्रे पाडायची आणि प्रत्येक छिद्रातून दोन्ही बाजूंनी एकेक सुई न्यायची. एक बाजू झिजून तुटली तरी दुसरी धरून ठेवते. मशीनच्या शिलाईत एक टाका तुटला की पुढचे उसवत जातात. लेकीचा हात आमच्यापेक्षा लवकर बसला. खालाजानच्या ओसरीत ती सायंकाळपर्यंत टाके घालत बसे.

चौथ्या दिवशी आम्ही मामांना ईदच्या कातड्याची गोष्ट सांगितली. त्यांनी पोत्यातून शेळीचे एक कातडे काढून उजेडासमोर धरले. आतल्या बाजूने सुरी लागलेल्या जागा ताऱ्यांसारख्या चमकल्या. "हे बघा, बाई. एवढ्या मोठ्या कातड्यात पाकिटाएवढाही सलग तुकडा निघत नाही. जनावर वाढवायला वर्ष लागतं, वाया घालवायला पाच मिनिटं."

बाजारात भाव पडण्याची कारणे मोठी असतात, ती आपल्या हातात नाहीत. पण सुरी आणि मीठ आपल्या हातात आहे. मामांनी सांगितले ते असे : सोलताना सुरी कमी, मूठ जास्त वापरायला लावावी. कातडे उन्हात किंवा प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नये. सावलीत पसरून, चिकटलेले मांस व चरबी काढून, चार तासांच्या आत आतल्या बाजूला भरपूर जाडे मीठ चोळावे. कातड्याच्या वजनाच्या जवळजवळ निम्मे मीठ लागते. कमावण्याचा खटाटोप घरी करू नये, ते कारखान्याचे काम.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी एकदा मेलेली बकरी पाहून, तिचे कातडे कमावून उपयोगात का आणले नाही, असे विचारले होते. हा प्रसंग आम्हाला पाठ होता. गंजगोलाईच्या त्या पायरीवर तो आम्हालाच विचारलेला प्रश्न वाटला. आणखी एका गोष्टीची लाज वाटली. नांदेडमध्ये आमच्या शाळेच्या फाटकाशी एक कारागीर अनेक वर्षे बसतात. आम्ही त्यांना कधी सलाम-नमस्कार केला नव्हता. आता जाता-येता थांबतो, आरी त्यांच्याकडूनच धार लावून घेतो.

परतल्यावर पहिली वस्तू केली ती अब्बांच्या चष्म्याचे घर. टाके दोन ठिकाणी वाकडे गेले. अब्बांनी ते उलटसुलट पाहिले, वाकड्या टाक्यांवर बोट फिरवले आणि काही न बोलता बाजूला ठेवले. जुम्याला मशिदीत जाताना मात्र ते त्यांच्या कुर्त्याच्या खिशात होते.

या ईदला खाटिकभाईंशी आधीच बोलून ठेवले आहे. मोहल्ल्यातल्या सात घरांनी मिळून जाड्या मिठाची दोन पोती आणली आहेत आणि मदरशाच्या नाजिम साहेबांना निरोप गेला आहे, की दुपारी बाराला गाडी पाठवा, कातडी मीठ लावून तयार असतील. वाचक बंधू-भगिनींनो, आपल्या मोहल्ल्यातही एवढे होऊ शकते. अल्लाह आपल्या सर्वांची कुर्बानी कबूल करो.