नाव 'काय'?

माझ्या आवडत्या यंत्राचं नाव 'काय' आहे. हसू नका! काय हे ग्रीक अक्षर आहे आणि यंत्राचं पूर्ण नाव काय-पॉड. अमेरिकेतल्या ओरेगॉन स्टेट विद्यापीठात जेम्स मौम यांच्या गटानं ते बनवलं. त्याचं काम एकच, समुद्राची घुसळण मोजायची.

2018 साली मी जहाजानं बंगालच्या उपसागरात गेलो होतो. वर्षभरापूर्वी सोडलेला बोया परत आणायचा होता. (पहिले दोन दिवस मी बादली धरून बसलो होतो, ते सोडा.) बोया वर तरंगतो, खाली लांबच लांब दोर आणि तळाशी नांगर. नांगर म्हणून आगगाडीची जुनी चाकंसुद्धा वापरतात, बरं का! काय-पॉड दोराच्या वरच्या भागात बांधलेले असतात. त्यांच्या टोकाला खसखशीएवढा तापमापक असतो. पाणी शांत असेल तर त्याचे आकडे सरळ येतात. भोवरे उठले की गरम-गार पाण्याचे पदर एकमेकांत गुंततात आणि आकडे थरथरू लागतात. या थरथरीवरून घुसळण किती झाली ते काढतात.

मग जहाजातूनच का नाही मोजायचं? अहो, वादळ आलं की जहाज पळ काढतं, आणि खरा दंगा तर तेव्हाच! बोया बिचारा पळणार कुठे?

गंगा-ब्रह्मपुत्रेचं गोडं पाणी हलकं असतं. ते खाऱ्या पाण्यावर झाकणासारखं पसरतं आणि वाऱ्याला खालचं पाणी ढवळू देत नाही. 2014 च्या डिसेंबरात 18 अंश उत्तरेला सोडलेल्या बोयानं वर्षभर हेच टिपलं: गोडं पाणी पोचलं की घुसळण मंदावते. वरचं पाणी ऊबदार राहिलं तर चक्रीवादळांना बळ मिळतं, म्हणून ही मोजदाद.

आमचा बोया वर घेतला, तर एका काय-पॉडला जाळ्याचा गुंता! टोक तुटलेलं. आतली नोंद पाहिली, तर ते महिन्याभरातच तुटलं होतं. अकरा महिने गेले, आणि ते पुन्हा मोजता येत नाहीत. मला कोळ्यांचा भयंकर राग आला. पण बोयाखाली मासे जमतात, मग जाळं तिथेच पडणार ना?

दुसरा काय-पॉड धडधाकट होता. रात्री आम्ही त्याची नोंद उघडली. एप्रिलची रेघ जवळजवळ सपाट. जुलैची रेघ अशी थरथरत होती, की मी बादली जवळ ओढली.