शीड वाऱ्याचे, वल्हे माणसाचे

भरती चढू लागली की ठाणे खाडीतला चिखल पाण्याखाली जातो आणि त्यावर चरणारे रोहित पक्षी नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळींकडे निघतात. आधी लांब पाय पाण्यावर आपटत थोडे धावतात, मग गुलाबी-काळे पंख उघडून उठतात. पाणथळीवर पोचताना मात्र पंख स्थिर धरतात आणि पाण्याकडे अलगद येतात. या अलगद येण्याला इंग्रजीत ग्लाइड म्हणतात. पाण्यावर राहणे म्हणजे फ्लोट, वाऱ्या-प्रवाहाबरोबर जाणे म्हणजे ड्रिफ्ट, उंच झेपावून राहणे म्हणजे सोअर, शिडाने जाणे म्हणजे सेल. भाषांतर करणारा इथे अडतो. तरंगणे, सरकणे, विहरणे एवढी नावे घेऊन झाली की त्याची झोळी रिकामी होते, आणि समुद्राकाठच्या आपल्या भाषेला समुद्रावर चालताच आले नाही की काय, अशी शंका त्याला येते. ती शंका खोटी आहे. मराठीने पाण्यावरचे शब्द साठवले, पण निराळ्या जागी साठवले, आणि ती जागा ओळखली तर या भाषेचा पाण्याकडे बघण्याचा स्वभावच हाती लागतो.

इंग्रजी सेल हे आधी कापडाचे नाव, त्यावरून क्रियापद झाले. मराठीत शीड आहे, पण शिडाचे क्रियापद नाही. क्रियापद आहे ते वल्ह्याचे: वल्हवणे. हा योगायोग मानायला मन तयार होत नाही. वल्हे मारताना माणसाचे खांदे भरून येतात, कर्ता तोच असतो. शिडाच्या वेळी त्याने दोर ओढला, कापड उभारले, की पुढचे काम वाऱ्याचे. म्हणून मराठी वाक्यात वारा कर्ता होतो. शिडात वारा भरतो, वारा पडतो, पाणी फिरते, ओहोटी लागते. माणसाकडे उरते ते तारू हाकारणे, आणि हे हाकारणे गुरे हाकण्याच्या शेजारचे. जनावर आपल्या पायांनी चालते, हाकणारा फक्त दिशा देतो. गलबताबद्दलही मराठीची समजूत हीच दिसते. इंग्रजीने जाणाऱ्याच्या ऐटीला नावे दिली, मराठीने नेणाऱ्याला मान दिला.

म्हणूनच शब्दांची खरी श्रीमंती पाण्याच्या आणि वाऱ्याच्या नावांत आहे. रात्री-पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा तो मतलई वारा, दुपारी समुद्राकडून येणारा तो खारा वारा. शिडाची होडी एकावर बाहेर पडायची आणि दुसऱ्यावर घरी यायची. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. किनाऱ्यावरचा साधा हिशोब असा की तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे भरती पुरी होण्याची वेळ अंदाजाने निघते: चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. दिवाळे, सारसोळे, करावे ही खाडीकाठची गावे आज सिडकोच्या सेक्टरांनी वेढली आहेत, तरी होडी कधी सोडायची हे अजून पाणीच ठरवते. पाणी नसेल तर होडी चिखलात बसते, मग तिच्या जाण्याला कितीही सुंदर क्रियापद असो.

कुणी म्हणेल, यातले मराठी कितीसे? सुकाणू अरबी, बंदर फारसी, नाखवा फारसीतल्या नाखुदाचा. खरे आहे. पण बंदराची भाषा सोवळ्यात राहत नाही, कुणाचीच राहिली नाही. इंग्रजांनी डिंगी आणि कॅटामरान आपल्याच उपखंडातून नेले आणि क्रूझ डच भाषेतून घेतला, जिथे त्याचा अर्थ होता आडवे पार करत फिरणे. फारसी लंगर मराठीत आला तो नांगर होऊन. शेत नांगरणाऱ्या आगऱ्याचा आणि होडी नांगरणाऱ्या कोळ्याचा शब्द एकच झाला. एक जमीन उकरतो, दुसरा पाण्याखालची माती धरतो. उसना शब्द इतका मुरला की त्याच्या पोटात दोन्ही घरे मावली.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. होड्यांना यंत्रे बसली, शिडे उतरली, मग हे शब्द कुणासाठी जपायचे? पण ते जपण्याची वाट न बघता घरात शिरले आहेत. संस्कृत तॄ या धातूचा अर्थ तरंगणे आणि पार जाणे. त्याच्या कुळातले तरणे आपण दुखण्यातून, कर्जातून, परीक्षेतून तरताना वापरतो, तारणारा त्यातलाच. लग्न पार पडते, म्हणजे पलीकडच्या काठाला लागते. काम तडीस जाते, आणि तड म्हणजेही काठ. मराठी माणसाला पाण्यावरच्या गतीपेक्षा पैलतीर मोलाचे वाटले, कारण भरल्या नदीत आणि वादळी खाडीत बुडणे त्याने पाहिले होते. अलगदपणाचे कौतुक त्याला नव्हते असे नाही. पण तो अलगदपणा सुखरूप पोचण्यात धरलेला होता.

आज आपण फार अलगद पार होतो. 1973 साली वाशीचा खाडीपूल झाला, जानेवारी 2024 मध्ये 21.8 किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला, आणि खाली भरती आहे की ओहोटी हे न कळता माणूस पलीकडे पोचू लागला. उलव्याची टेकडी सपाट करून, नदीचे पात्र वळवून बांधलेल्या विमानतळावरून 25 डिसेंबर 2025 पासून विमाने ये-जा करू लागली. ही सोय मोलाची आहे, तिच्याविरुद्ध बोलण्याचे कारण नाही. मागणे इतकेच की अलगद जाताना नेणाऱ्याचा विसर पडू नये. खाडीचे पाणी पाणथळीत शिरायच्या वाटा मोकळ्या राहाव्यात, कारण रोहित पक्ष्यांचे वेळापत्रक अजून चंद्राच्या हाती आहे. भाषा तर विसरलेली नाहीच. जिथे कालपर्यंत खाजण होते तिथे विमान टेकले की आपण म्हणतो, विमान उतरले. हे उतरणे त्याच तॄ धातूच्या कुळातले, आणि उतारूही त्याचाच. पाणथळीवर येणारा पक्षी, धावपट्टीवर येणारे विमान आणि होडीतून काठावर पाय ठेवणारा माणूस, तिघांनाही मराठी एकच शब्द देते.