आमच्या मांजरीचा शजरा

आमच्या मांजरीचं नाव मखमल. म्हणजे आमच्या घरात मखमल. शेजारच्या काकूंकडे ती मनी आहे आणि रस्त्यापलीकडच्या पिठाच्या गिरणीत नुसती 'ए बोक्या', मांजरी असूनही. तिन्ही ठिकाणी तिला खायला मिळतं, त्यामुळे तिची काही तक्रार नाही.

मागच्या वर्षी माझी धाकटी मुलगी मोबाइल घेऊन आली. "अब्बा, पुण्यात मांजरांचं प्रदर्शन आहे. मखमलला नेऊ या ना." मी फॉर्म वाचला. मांजरीची जात, कुठल्या क्लबकडे नोंद आहे, नोंदणी क्रमांक, आईबापाचं नाव. मला हसू आलं. मखमल उसाच्या फडातून भिजत आली होती, तळहाताएवढी. तिच्या बापाचं नाव शिनोलीत कोण सांगणार?

"हे काय विचारतात?" मुलीनं विचारलं. मी उर्दूचा मास्तर, मला एकच शब्द सुचला. म्हटलं, "शजरा विचारतात." पीरांचा शजरा असतो, खानदानाचा असतो, तसा मांजराचाही असतो हे मला त्या दिवशी कळलं.

फॉर्ममध्ये खाली गल्लीतल्या देशी मांजरांसाठी वेगळा वर्ग होता. शजरा नसला तरी चालत होतं. पण मखमलला टोपलीत घालून एसटीनं पुण्याला न्यायचं धाडस आमच्यात नव्हतं, म्हणून ते राहिलं. मुलगी दोन दिवस रुसली. माझ्या डोक्यात मात्र वेगळाच किडा शिरला. या क्लबांचे नियम कोण ठरवतं? एका क्लबचा कागद दुसरा क्लब का मानतो? महिनाभर रात्री जेवणं झाली की मी तेच वाचत बसायचो.

तुम्ही म्हणाल, मास्तरांना दुसरा उद्योग नाही का? पण मांजराशी आपलं नातं जुनं आहे. ज्या सहाबींकडून सर्वात जास्त हदीस आपल्यापर्यंत आल्या, त्यांना आपण हजरत अबू हुरैरा म्हणतो, म्हणजे मांजराच्या पिल्लावाले. मांजरानं तोंड लावलेलं पाणी नापाक होत नाही, कारण ते तुमच्या घरात येणारं-जाणारं आहे, हा मसला आमच्या अम्मीला मदरशात न जाताही पाठ आहे. तेव्हा मांजरांबद्दल वाचणं मला वेळ वाया घालवणं वाटलं नाही.

वाचलं ते असं. १८७१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये हॅरिसन वेअर या चित्रकारानं मांजरांचं मोठं प्रदर्शन भरवलं. आज जशी प्रदर्शनं भरतात त्यांची सुरुवात तिथून धरतात. १८८७ साली नॅशनल कॅट क्लब निघाला आणि त्यानं वंशावळीची वही सुरू केली. अकरा वर्षांनी एका लेडीसाहेबांनी दुसरा क्लब काढला, त्याची वही वेगळी. मग जे आपल्याकडे होतं तेच तिथे झालं. मांजर तेच, पण या वहीत नाव असेल तर त्या वहीवाल्यांच्या कपाळाला आठ्या. पाळणाऱ्यांनी दोन्हीकडे फी भरायची आणि दोन्हीकडची बोलणी खायची.

१९१० साली ते सगळे क्लब एकत्र बसले आणि त्यांनी गव्हर्निंग कौन्सिल ऑफ द कॅट फॅन्सी नावाची एक समिती केली. क्लब कुणी मोडला नाही. वही मात्र एक केली. सर्वात जुन्या नॅशनल क्लबनं नोंदणीचा आपला हक्क सोडला आणि त्याबदल्यात समितीत चार जागा कायमच्या मागून घेतल्या. हे वाचून मला बरं वाटलं. माणसं मोठेपणा सोडतात, पण अगदी फुकट सोडत नाहीत. आपल्या पंचक्रोशीतल्या कुठल्याही कमिटीत बसलेल्या माणसाला हा सौदा लगेच समजेल.

जगभर मात्र तसं एक कधीच झालं नाही. अमेरिकेत एका संस्थेतून फुटून १९०६ साली कॅट फॅन्सिअर्स असोसिएशन निघाली. १९४९ साली युरोपातल्या क्लबांनी आपला संघ केला, त्याला फिफे म्हणतात. १९७९ साली अमेरिकेत टिका ही आणखी एक संस्था आली. १९८८ साली ब्राझीलमधल्या रिओ दि जानेरोत वर्ल्ड कॅट फेडरेशन स्थापन झालं, त्याचं कार्यालय जर्मनीतल्या एसेनमध्ये आहे. मुंबईतली फेलाइन क्लब ऑफ इंडिया याच फेडरेशनशी जोडलेली आहे. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका, सगळ्यांच्या आपापल्या संस्था. या सगळ्यांच्या वर बसलेली, हुकूम सोडणारी संस्था कुठलीच नाही.

मग त्यांचं चालतं कसं? १९९४ साली व्हेनिसमध्ये या लोकांची बैठक झाली आणि त्यातून वर्ल्ड कॅट काँग्रेस उभी राहिली. तिच्यात नऊ संस्था आहेत. ही काँग्रेस कुणाला नियम लावत नाही आणि कुणाची वही तपासत नाही. तिथे एक गोष्ट मात्र ठरली आहे. तिला ते 'उघडं दार' म्हणतात. नऊपैकी कुठल्याही संस्थेकडे नोंदलेलं मांजर बाकीच्या संस्थांच्या प्रदर्शनात बसू शकतं. प्रदर्शन ज्याचं, नियम त्याचे. पण मांजर कोणाचं, कुठल्या वंशाचं, हे त्याच्या घरच्या वहीत लिहिलंय ते पाहुण्यांनी मानायचं.

म्हणजे सगळं एकमेकांचं पटतं असं नाही. बेंगॉल नावाची ठिपक्यांची मांजरं आहेत. आपल्याकडे ऊसतोडीच्या वेळी फडात वाघाटीची पिल्लं सापडतात आणि लोक बिबट्याचा बछडा समजून वन खात्याला फोन करतात. त्या वाघाटीच्या जातकुळीतल्या रानमांजराचा पाळीव मांजरांशी संकर करून ही जात तयार झाली. टिकानं ती १९८०च्या दशकातच आपल्या वहीत घेतली. कॅट फॅन्सिअर्स असोसिएशननं रानटी रक्त नको म्हणून २०१६ पर्यंत दाराबाहेर ठेवली. एवढी वर्षं दोघांचं या बाबतीत जमलं नाही. तरी 'टिकाच्या वहीतलं सगळंच खोटं' असं कुणी म्हटलं नाही. एक जात नको म्हणणं वेगळं आणि समोरच्याला लबाड म्हणणं वेगळं.

यात त्यांचा स्वार्थही आहे. छोट्या देशातल्या छोट्या क्लबनं दार लावून घेतलं, तर त्याच त्या चार मांजरांत पिल्लं होत राहतात आणि आजार वाढतात. नवं रक्त बाहेरून आणायचं तर बाहेरच्याच्या कागदावर भरवसा ठेवावा लागतो. आणि आपला कागद बाहेर चालावा असं वाटत असेल, तर आपली वहीसुद्धा खरी ठेवावी लागते.

इथपर्यंत वाचलं आणि एका रात्री मोबाइल खाली ठेवला. मला एक चिठ्ठी आठवली.

रमजान ऐन पावसाळ्यात यायचा, त्या वर्षांतली गोष्ट. गावाचं नाव सांगत नाही. आमच्या जमातीचं आणि शेजारच्या गावातल्या जमातीचं काही महिन्यांपूर्वी एका जलशाच्या वर्गणीवरून वाजलं होतं. पैसे फार नव्हते, पण बोलणं फार झालं होतं. त्यात एकोणतिसावा रोजा आला. आभाळ गच्च. आमच्याकडे कुणालाच चांद दिसला नाही. रात्री नऊच्या सुमारास शेजारच्या गावाहून दोन माणसं मोटरसायकलवर भिजत आली. म्हणाली, ढग फाटले तेव्हा आमच्याकडे दोघांनी चांद पाहिला, दोघेही नमाजी, हवं तर समोर आणतो.

आमच्या कमिटीत मी सर्वात शिकलेला. बीएड झालेला, उर्दूचा मास्तर, हस्ताक्षर चांगलं. मला उत्तर लिहायला सांगितलं. मी सुंदर नस्तालीकमध्ये लिहिलं की आपल्या जमातीची शहादत आमच्या कमिटीवर बंधनकारक नाही. वर एका हदीसचा हवालाही दिला. कुरैब शामहून मदिनेला आले आणि तिकडे चांद एक दिवस आधी दिसल्याचं त्यांनी सांगितलं. तेव्हा हजरत इब्ने अब्बास म्हणाले होते की आम्ही आमच्या पाहण्यावर चालू. सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. त्या दोन माणसांनी चिठ्ठी खिशात घातली, चहाही न घेता गेली.

दुसऱ्या दिवशी तिकडे ईद झाली. आमचा तिसावा रोजा.

माझी मोठी बहीण त्याच गावात दिलेली. सकाळी दहाला भाचा शिरखुर्म्याचा डबा घेऊन आला, अंगात नवे कपडे, अत्तराचा वास. अम्मीचा रोजा. तिनं डबा घेतला, त्याला ईदी दिली, डोक्यावरून हात फिरवला. डबा स्वयंपाकघरात झाकून ठेवला, मगरीबपर्यंत. दुपारी मी तिच्यासमोर बसलो होतो तेव्हा ती एवढंच म्हणाली, "चांद तो एकीच है ना रे?"

मी तिला मसला समजावून सांगितला. प्रत्येक जागेचं क्षितिज वेगळं असतं, वगैरे. ती ऐकत होती. तिनं वाद घातला नाही. पण ईदच्या दिवशी रोजा ठेवणं हराम आहे हे तिला माहीत होतं आणि मलाही. ती रात्र मला झोप लागली नाही. आणि खरं सांगतो, तरीही मी कुणाजवळ कबूल केलं नाही.

मांजरांच्या क्लबांबद्दल वाचताना मला माझ्या चिठ्ठीतली लबाडी दिसली. शाम आणि मदिना यांच्यात हजार किलोमीटरहून जास्त अंतर. उंटावरून महिन्याचा प्रवास. आमच्या दोन मशिदींमध्ये चार किलोमीटर. इब्ने अब्बासांनी शामच्या लोकांना खोटं पाडलं नव्हतं. त्यांनी तिकडचा चांद तिकडच्यांसाठी खरा मानला आणि आपला हिशेब आपल्याकडे ठेवला. मी मात्र वर्गणीचा राग हदीसच्या कागदात गुंडाळून पाठवला होता. आमचं क्षितिज एकच होतं. आम्हाला त्यांची वही मानायची नव्हती, एवढंच.

माझ्या शाळेत एक सहकारी रत्नागिरीचे आहेत. कोकणातले, शाफई. आम्ही देशावरचे बहुतेक हनफी. ते रुकूला जाताना हात उचलतात, मोठ्यानं आमीन म्हणतात. जुम्म्याला ते आमच्या इमामाच्या मागे उभे राहतात आणि मी चिपळूणला गेलो की त्यांच्या इमामाच्या मागे. कुणी कुणाला आपला मजहब सोडायला सांगत नाही. म्हणजे ही अक्कल आपल्याकडे शेकडो वर्षांपासून आहे. चार किलोमीटरवरच्या भावापाशीच ती का संपते?

मागच्या रमजानच्या आधी मी बहिणीकडे गेलो आणि तिथून तिच्या सासऱ्यांना घेऊन त्यांच्या मशिदीत. चिठ्ठी मीच लिहिली होती, हे आधी सांगितलं. तिथले एक बुजुर्ग म्हणाले, "माहीत आहे. तुमचं हस्ताक्षर गावात कोण ओळखत नाही?" सगळे हसले, मला हसता आलं नाही. मग मी तीन गोष्टी मांडल्या. दोन्हीकडून दोन-दोन भरवशाच्या माणसांची नावं आधीच ठरवायची. त्यांच्यापैकी कुणीही चांद पाहिला तर फोनवर सांगायचं आणि दुसऱ्यांनी ते मानायचं. बाकी मशीद, वर्गणी, मौलाना, जलसा ज्याचं त्याचं. कमिट्या एक करायचा विषय मी काढला नाही. तो काढला असता तर त्याच बैठकीत दोनाच्या तीन झाल्या असत्या.

आमच्याकडे मन वळवायला जास्त वेळ लागला. एकजण म्हणाले, "मास्तर, तेव्हा तर तुम्हीच हदीस दाखवली होती." मी म्हटलं, "हदीस बरोबर होती, मी चुकीच्या कामाला लावली." मांजरांची गोष्ट मात्र कुणाला सांगितली नाही. ती फक्त तुम्हाला सांगतोय.

लेखी काही झालं नाही. उद्या कुणी फिरला तर त्याला धरणारं कोणी नाही. पण त्या नऊ संस्थांनाही धरणारं कोणी नाहीच.

या वर्षी एकोणतिसाव्या रोज्याला आभाळ स्वच्छ होतं, पण आमच्या पश्चिमेला डोंगर. कोवळा चांद खाली असतो, डोंगरामागे जातो. आम्ही गच्चीवर मान उंचावून उभे होतो, काही दिसेना. मुलगी मखमलला कडेवर घेऊन उभी. मगरीब झाली आणि माझा फोन वाजला. त्यांचं गाव माळावर आहे, त्यांना दिसला होता.

मी खाली येऊन अम्मीला सांगितलं, चांद झाला.

"किसने देखा?" तिनं विचारलं.

"उनोंने."

ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तो दूध तपने रख. और आपा को फोन लगा, बोल सुबह डिब्बा नको भेजना, खुदीच आना."