मांजराला दोरी

मांजराला दोरी बांधून फिरवणारा माणूस तुम्ही कधी पाहिलाय का? नसेल पाहिला तर आमच्या सोसायटीत या. सकाळी सव्वासहाला बी विंगच्या मागे, जनरेटरच्या शेजारी जो तुकडाभर लॉन आहे, तिथे एक इसम अर्धवट झोपेत उभा असतो. हातात दोन मीटरचा पट्टा, पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला चार किलोचा करडा बोका. बोका गेली दहा मिनिटं एकाच कुंडीचा वास घेतोय आणि इसम त्याच्याकडे बघत उभा आहे. तो इसम म्हणजे मी. बोक्याचं नाव बग्या. (टेस्टिंगवाल्यांना पार्किंगमध्ये सापडला म्हणून. हापिसातले विनोद असेच असतात, सांभाळून घ्या.)

'फिरवतो' हा शब्द खरं तर चुकीचाच. कुत्र्याला आपण फिरवतो. मांजर आपल्याला उभं करतं. ते तीन पावलं जातं, थांबतं, कान वळवतं, बसतं, आणि आपण त्याच्या मागे. पट्टा ओढलात तर ते सरळ आडवं पडतं आणि मग ओल्या पोत्यासारखं उचलून घरी आणावं लागतं. आईला हे फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "श्राद्धाचं मांजर केलंस की रे त्याचं!" गोष्ट माहीत असेलच. श्राद्धाच्या दिवशी पानात तोंड घालतं म्हणून आजोबा घरातलं मांजर टोपलीखाली झाकून ठेवायचे. नातवाच्या काळात घरात मांजरच नव्हतं, तर त्यानं शेजारून मागून आणलं आणि झाकलं! का, ते कुणालाच ठाऊक नाही.

मला मात्र 'का' ते पक्कं ठाऊक आहे.

बग्याच्या आधी सोनी होती. आम्ही तिघं मित्र तेव्हा सहाव्या मजल्यावर भाड्यानं राहायचो. बाल्कनीत कबुतरं यायची आणि सोनी कठड्यावर बसून त्यांच्याकडे बघत दात कटकटवायची. आम्ही तिचे व्हिडिओ काढायचो. जाळीवाल्याला फोन करून झाला होता, जाळी शनिवारी बसणार होती. सोनी गुरुवारी पडली. मी तेव्हा हापिसात एका कॉलवर होतो आणि 'म्यूट'वर ठेवून दुसरंच काहीतरी करत होतो.

नंतर मी वेड्यासारखं वाचत सुटलो. न्यूयॉर्कच्या डॉक्टरांचा १९८७ सालचा एक प्रसिद्ध अभ्यास आहे. इमारतींवरून पडलेली १३२ मांजरं दवाखान्यात आली, त्यातली ९० टक्के जगली. लोक हा आकडा फार कौतुकानं सांगतात, मांजराला नऊ जन्म वगैरे. पण डेटा बघायची सवय लागलेल्या माणसाला लगेच खटकतं, की जी जागच्या जागी गेली ती दवाखान्यात आणलीच कोणी असतील? सोनीला आम्ही कुठेच नेलं नाही. न्यायचं काही उरलं नव्हतं. असो.

म्हणून बग्या आला तेव्हा आधी जाळी आली आणि मग बग्या. दीड वर्ष तो घराबाहेर पडला नाही. जाड झाला, पडदे फाडले, रात्री तीनला दारापाशी बसून रडायला लागला. त्यावर उपाय म्हणून हा पट्टा. पट्टा गळ्यात नाही हं बांधायचा! मांजराच्या खांद्याची हाडं आपल्यासारखी एकमेकांना जोडलेली नसतात, गळपट्टीचं हाड नुसतं स्नायूत तरंगत असतं. त्यामुळे डोकं जिथून जातं तिथून उरलेलं मांजरही बहुतेक वेळा जातं. म्हणून छातीभोवती हार्नेस, आणि तो एवढाच घट्ट की खाली आपली दोन बोटं जातील. तीन बोटं गेली तर मांजर उलट्या पावलांनी मागे सरकतं आणि अंगातून स्वेटर काढावा तसं बाहेर पडतं. हे मला व्यवस्थित माहीत होतं. पुढे जे सांगणार आहे ते लक्षात घेता, हे माहीत होतं हेच जास्त वाईट.

आता पासली. आमच्या टीममधल्या एका मित्राचं गाव. पुण्याहून सातारा रस्त्यानं निघायचं, नसरापूर फाट्याला हायवे सोडायचा, वेल्हं गाठायचं. तिथून तोरणा पाठीशी टाकून रस्ता केळदकडे जातो, त्या वाटेवर पासली. पावसाळ्यात मढे घाटाचा धबधबा बघायला ज्या गाड्यांची रांग लागते ती याच रस्त्यानं पुढे जाते. आम्ही मात्र डिसेंबरात गेलो. भात निघालेलं, खाचरं रिकामी, घरोघरी पेंढ्याच्या गंजी, आणि सकाळी असा गारठा की लॅपटॉप मांडीवर घ्यावासा वाटेल.

जाण्यामागे नुसती हौस नव्हती. मला तीन महिने ऑनसाइट जायचं विचारलं होतं. मित्र म्हणाला, बग्याला आईकडे ठेव, तिच्याकडे एक मांजर आहेच. मी म्हटलं एक विकांत राहून बघू. 'पायलट रन' म्हणा हवं तर.

अंगणात बास्केट उघडली, हार्नेस चढवला आणि बग्या पहिल्यांदा मातीवर उभा राहिला. पंजा उचलला, झटकला, परत ठेवला. पाच मिनिटांत आठ-दहा पोरं गोळा झाली. "ए, मांजार बांधलंय!" एका म्हातारबाबांनी थांबून नीट पाहून घेतलं, पट्ट्याच्या दोन्ही टोकांकडे पाहिलं, आणि मित्राला विचारलं, "पावणं कुठलं म्हनायचं?" बास. बग्याबद्दल अवाक्षर नाही.

मित्राची आई, म्हणजे मावशी, मात्र थेट मुद्द्यावर आल्या.

"उंदीर धरतंय का?"

"नाही मावशी. घरात उंदीरच नाहीत."

"मंग पाळलंय कशापायी?"

मला पटकन उत्तर सुचलं नाही. त्यांच्याकडे मांजर आहे ते कणगीतल्या भातासाठी आहे. भात घरात आलं की उंदीर येतात, म्हणून मांजर. त्याला नाव नाही. ("मांजरीला काय नाव ठेवायचं? मांजार हाय की.") मांजरं माणसाजवळ आली तीही अशीच म्हणे, धान्य साठायला लागलं, उंदीर जमले, त्यांच्या मागे मांजरं. म्हणजे मावशींची मांजर अजून मूळ कामावर आहे आणि माझा बोका बेंचवर बसून पगार घेतोय!

बांधण्याबद्दल मात्र त्यांचं मत स्पष्ट होतं. म्हैस बांधायची, शेळी बांधायची, रात्री कुत्रंसुद्धा आत घ्यायचं, कारण बिबट्या. मांजर कुणी बांधत नाही. गेल्या विताची चार पिल्लं होती. एक बोक्यानं मारलं, एक कुत्र्यानं, एक त्यांनी भावाकडे दिलं. "आन् येक गेलं." कुठे गेलं, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. त्या हे सांगताना भाकरी थापत होत्या आणि आवाजात काही फरक पडला नव्हता. हिला दुःखच नाही, असं मला एक क्षणभर वाटलं. मग पाहिलं तर भाकरीचा पहिला तुकडा दुधात कुस्करून चुलीमागे सारला गेला, मांजरीसाठी, आमची ताटं वाढायच्या आधी.

रात्री झोप लागेना. बिबट्याचं मी आधीच वाचून ठेवलं होतं. अकोल्याच्या बाजूला, म्हणजे तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, बिबटे काय खातात याचा अभ्यास झाला होता, २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्या खाण्यात सगळ्यात मोठा वाटा पाळीव कुत्र्यांचा, ३९ टक्के, आणि मांजरंही त्या यादीत होती. (असल्या गोष्टी मी रात्री कशाला आठवतो?)

दुसऱ्या दिवशी सकाळी बग्या खुलला. गंजीभोवती हुंगत हिंडला, एक नाकतोडा पकडला, तो आधी थुंकला आणि मग खाल्ला. दीड वर्षात मी त्याचं शेपूट इतकं उभं पाहिलं नव्हतं. मावशी म्हणाल्या, "आवळलंय रं त्याला लई. श्वास तरी घिऊ दे." आणि मी पट्टी एक घर सैल केली. मुद्दाम सांगतो, मावशींनी केली नाही, मी केली.

पुढच्या पाच मिनिटांत रस्त्यानं ट्रॅक्टर आला. बग्या मागे सरकला, खांदे आक्रसले, आणि माझ्या हातात पट्टा आणि पट्ट्याच्या टोकाला रिकामा हार्नेस. करडा पट्टा खाचराच्या बांधावरून गेला आणि करवंदीच्या जाळीत दिसेनासा झाला.

साडेआठ वाजले होते. मी काय काय केलं ते सगळं सांगत नाही. ओरडत हिंडलो, जाळीत शिरलो, हात फाडून घेतले. पोरं मदतीला आली आणि त्यांच्या आरडाओरड्यानं असलेली आशाही गेली. मित्र ओढ्यापर्यंत जाऊन आला. मला राहून राहून तो गुरुवारचा कॉल आठवत होता. दुपारी मावशी आल्या, पोरांना हाकललं आणि मला म्हणाल्या, "गप बस हितं. तू वरडतुयास म्हनून ते येत न्हाई." मग त्यांनी त्याच्या बास्केटमधली चादर आणून जाळीच्या तोंडाशी टाकली आणि कामाला निघून गेल्या.

मी बसलो. तीन तास. फोनला रेंज नव्हती. समोर रिकामी खाचरं, वर एक घार. इतका वेळ एका जागी काहीही न करता मी शेवटचा कधी बसलो होतो, आठवत नाही.

ऊन कलायला लागलं तेव्हा जाळीतून एक बारीक, चिरका आवाज आला. जिथून शिरला होता तिथून पंधरा-वीस फुटांवर. म्हणजे साहेब अख्खा दिवस तिथेच होते! (पुण्याला आल्यावर वाचलं, हरवलेली बहुतेक मांजरं जवळपासच सापडतात. २०१८ च्या एका अभ्यासात सापडलेल्यांपैकी तीन चतुर्थांश ५०० मीटरच्या आत होती. घाबरलेलं मांजर पळत नाही, दडून बसतं, आणि हाक मारली तरी ओ देत नाही.) बाहेर आला, चादरीवर बसला आणि पंजा चाटायला लागला. कानामागे तीन गोचीड. ते मावशींनीच काढले. मित्र गोठ्यातून कुत्र्याचं गोचिडाचं औषध घेऊन आला होता, ते मात्र मी लावू दिलं नाही. कुत्र्यांच्या औषधात बऱ्याचदा परमेथ्रिन असतं आणि ते मांजराला विष आहे. दिवसभरात मी केलेली ही एकमेव शहाणपणाची गोष्ट.

रात्री जेवताना मावशींनी विचारलं, "मंग, ठिवतुयास न्हवं? येक दिस ग्येला, आता कळलं त्याला घर."

खरं तर त्यांचं बरोबर असू शकेल. बग्यानं त्या सकाळी गंजीभोवती जी दहा मिनिटं काढली तशी दहा मिनिटं माझ्या फ्लॅटमध्ये त्याला कधी मिळालेली नाहीत. तीन महिन्यांत तो कदाचित उंदीरही धरायला शिकेल. आणि कदाचित 'आन् येक गेलं' असं एखाद्या पाहुण्याला भाकरी थापता थापता सांगितलं जाईल. मावशींना त्या दोन्ही गोष्टी एकत्र झेपतात. मला झेपत नाहीत.

"बघतो," मी म्हटलं.

"बघतो म्हंजी न्हाई," मावशी म्हणाल्या, आणि आणखी एक भाकरी वाढली.

रविवारी संध्याकाळी निघालो. पोरं टाटा करायला आली होती, मला नाही, बग्याला. नसरापूरपर्यंत तो ओरडला आणि मग झोपला. सोमवारी सव्वासहाला आम्ही दोघं पुन्हा जनरेटरच्या शेजारी. दोन बोटं घालून पाहिली, दोनच जातात. तोही पुन्हा त्याच कुंडीपाशी गेला, पण या वेळी कुंडीचा वास न घेता कंपाउंडच्या भिंतीकडे तोंड करून बसला, बराच वेळ.

मावशींचा परवा मित्राच्या फोनवरून फोन आला होता. मांजार कसं हाय, उंदीर धरला का. नाही म्हटलं. ऑनसाइटचं अजून ठरलेलं नाही. मॅनेजरला 'बघतो' म्हणून सांगितलंय.