पाहुणीचे पान

महाविद्यालयात ज्याला फारसे काम नाही असे सर्वांचे एकमत होते, त्याला क्रीडासमितीवर घेतात. मराठीच्या प्राध्यापकाविषयी असे एकमत फार लवकर होते. मी आयुष्यात कुठलाही चेंडू नीट झेललेला नाही. तरी गेली सहा वर्षे मी आमच्या समितीचा सभासद आहे, आणि सभेत चहा येईपर्यंत गप्प बसणे व आल्यावर 'प्राचार्य म्हणतात तेच बरोबर' असे म्हणणे, ही दोन्ही कामे मी निष्ठेने करीत आलो आहे.

यंदाच्या पावसाळ्यात मात्र तसे निभावले नाही.

प्रश्न मुलींच्या बास्केटबॉल संघाचा होता. आमच्या क्रीडासंचालकांनी गेल्या वर्षी भिलाईच्या एका मुलीला एम.ए.च्या वर्गात प्रवेश घ्यायला लावला होता. प्रवेश घेऊन ती पुन्हा भिलाईला गेली. तिकडे तिचा सराव चालू होता, घरी काही अडचणी होत्या. परीक्षेपुरती ती यायची. नाव आमच्या हजेरीपटावर आणि पाय भिलाईच्या मैदानावर! आता आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा तोंडावर आल्या होत्या आणि संचालकांचे म्हणणे असे की, ठेव परत मागायची वेळ झाली. मुलगी गार्ड म्हणून खेळते. म्हणजे चेंडू पुढे नेणारी, डाव मांडणारी, कोणाला केव्हा पास द्यायचा ते ठरवणारी. संघाचे अर्धे डोके तीच.

आता अडचण सांगतो. आमच्या संघात ही जागा एका मुलीची होती. तीन वर्षे ती पहाटे पाचला उठून नंदनवनातून सायकलने मैदानावर जात होती. तिचे हे शेवटचे वर्ष होते. आणि ती माझी मुलगी होती.

हे सगळ्यांना ठाऊक होते. मी सभेतून उठू लागलो, तेव्हा प्राचार्य म्हणाले, "सर, बसा. तुम्ही गेलात तर दोन विरुद्ध दोन होतात." मी म्हणालो, "अहो, पण मी तिचा बाप आहे." ते म्हणाले, "म्हणूनच तुम्हाला विचारतो आहे." ह्या वाक्याचा अर्थ मला अजून नीट लागलेला नाही. मी एक दिवसाची मुदत मागून घेतली आणि घरी आलो.

घरी काही बोललो नाही; पण कन्येला सभेची कुणकुण होती. जेवताना तिनेच विषय काढला. "बाबा, ह्याला अमेरिकेत ड्राफ्ट अँड स्टॅश म्हणतात." तिकडच्या व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये, म्हणजे एन.बी.ए.त, दरवर्षी नव्या खेळाडूंची संघवार निवड होते. परदेशी खेळाडूला एखाद्या संघाने निवडले की त्याच्यावरचा हक्क त्या संघाचा. पण त्याला लगेच बोलावलेच पाहिजे असे नाही. तो आपल्या मुलखात खेळत राहतो, तयार होतो आणि गरज पडली की बोलावणे जाते. साखरपुडा उरकून मुलगी माहेरीच ठेवावी, तसा हा प्रकार. अर्जेंटिनाच्या मनू जिनोबिलीला सॅन अँटोनियो संघाने 1999 साली निवडले, तेही 57 व्या क्रमांकावर, जवळजवळ सगळी पंगत उठल्यावर. तो इटलीत खेळत राहिला, 2002 साली अमेरिकेत आला, आणि 2003 साली त्याचा संघ अजिंक्य ठरला. तोही गार्डच.

"मग त्याच्या जागेवर आधी जो खेळत होता, त्याचे काय झाले?" मी विचारले.

"ते कोण लक्षात ठेवतं?" असे म्हणून तिने ताट उचलले.

त्या रात्री मला झोप आली नाही. आमच्या नागपुरात हा प्रश्न काही नवा नाही. विदर्भाचा क्रिकेट संघ 1957-58 पासून रणजी करंडकात खेळतो आहे. आमच्या लहानपणी विदर्भाचा सामना म्हणजे दुसऱ्या संघाच्या फलंदाजांनी सरासरी सुधारून घेण्याची जागा. मग बाहेरचे खेळाडू आले. कर्नाटकचा गणेश सतीश आला, 2015 साली मुंबईचा वसीम जाफर आला, पुढे मार्गदर्शक म्हणून मुंबईचेच चंद्रकांत पंडित आले. तेव्हा आमच्या जगनाडे चौकातल्या पानठेल्यावर मोठा वाद होई. आपली पोरे काय मेली काय? मुंबईने वापरून झालेला माल आपण का घ्यायचा? मी ह्या दुसऱ्या पक्षात होतो, हे कबूल करतो. जाफर तेव्हा अडतिशीकडे झुकला होता.

2016-17 च्या मोसमात तर तो दुखापतीने खेळूच शकला नाही. तरी संघटनेने त्याचे मानधन दिले. पानठेल्यावर आम्ही हसलो. पुढच्या मोसमात जाफर मानधन न घेता खेळला. आम्ही हसायचे थांबलो. त्या मोसमाचा अंतिम सामना इंदूरला दिल्लीविरुद्ध झाला. रजनीश गुरबानीने हॅटट्रिक घेतली, अक्षय वाडकरने 133 धावा काढल्या, ते त्याचे प्रथम श्रेणीतले पहिलेच शतक. 1 जानेवारी 2018 रोजी विजयाचा चौकार मारला तो जाफरने. साठ वर्षांनी करंडक घरी आला. त्यानंतर दोनच महिन्यांनी, वयाच्या चाळिशीत, जाफरने इराणी करंडकाच्या सामन्यात 286 धावा काढल्या, त्या इथे नागपुरात. दुसऱ्या वर्षी 2019 मध्ये करंडक पुन्हा आमचाच.

गंमत अशी की, इंदूरच्या त्या सामन्यात दिल्लीकडून 145 धावा काढून आम्हाला घाम फोडणारा ध्रुव शोरी 2023 साली विदर्भाकडूनच खेळायला आला. त्याच वर्षी कर्नाटकचा करुण नायरही आला. इंग्लंडविरुद्ध कसोटीत त्रिशतक काढलेला हा माणूस, पण तेव्हा त्याच्या स्वतःच्या घरी त्याचे पान मांडले जात नव्हते.

2025 च्या महाशिवरात्रीला, 26 फेब्रुवारीला, मी आणि कन्या जामठ्याला अंतिम सामन्याचा पहिला दिवस पाहायला गेलो होतो. दोघांचाही उपवास, डब्यात साबुदाण्याची खिचडी. केरळविरुद्ध आमचे 24 धावांत तीन गडी गेले. खिचडीचा घास घशात अडकला. मग आमचा एकवीस वर्षांचा दानिश मालेवार आणि नायर ह्यांनी 215 धावांची भागी केली. नायर 86 वर धावबाद झाला. मालेवार टिकून राहिला आणि पुढे 153 करून बाद झाला. कन्या म्हणाली, "बाबा, पाहुणा गेला, घरचा राहिला." मी म्हणालो, "पण पाहुणा आला नसता, तर घरचा टिकला असता का?" तेव्हा ते बोलणे नुसते बोलण्यासाठी होते. पुढे दुसऱ्या डावात नायरने शतक काढले आणि बोटांनी नऊ दाखवले. मोसमातले नववे शतक. सामना अनिर्णित राहिला, पहिल्या डावातल्या 37 धावांच्या आघाडीवर करंडक तिसऱ्यांदा आमच्याकडे आला.

परंतु त्या सामन्यातले मला अधिक आठवते ते दुसरेच. 2019 ला ह्याच मैदानावर सौराष्ट्राचे अकरा गडी बाद करून करंडक राखून देणारा आमचा आदित्य सरवटे आता केरळकडून खेळत होता. त्यांचा पाहुणा! त्याने 79 धावा काढल्या, आणि शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांना टाळी वाजवावी की नाही ते कळेना. त्यांनी अर्धी वाजवली.

म्हणजे बघा, आपला मुलगा दुसऱ्याच्या पंगतीला बसतो, तेव्हा तिथलाही कोणी उपाशी उठत असेल. जाफर संघात आला तेव्हा विदर्भातला कोणी एक फलंदाज बाहेर बसला असेलच. तो कोण, हे मला आठवेना. धावफलकावर खेळलेल्यांची नावे छापतात, बसलेल्यांची छापत नाहीत. दहा वर्षे वाद घालूनही त्या मुलाचे नाव मला ठाऊक नाही, आणि उद्या मला अशाच एका मुलीविषयी मत द्यायचे होते, जिचे नाव मी स्वतः ठेवले होते.

सकाळी आमच्या विभागाचे शिपाई म्हणाले, "सर, घरच्या पोरीले बसवून बाहेरची आणता का जी?" त्यांनाही कळले होते. महाविद्यालयात अभ्यासक्रम सोडून बाकी सर्व गोष्टी वेळेवर कळतात.

मी भिलाईच्या मुलीच्या बाजूने मत दिले. थोरपणा म्हणून नव्हे. संचालकांनी दोघींचा खेळ मला शेजारी शेजारी दाखवला होता, आणि खेळातले काही न कळणाऱ्या माणसालाही दिसावे इतका तो फरक होता. विरुद्ध मत दिले असते तर ते मुलीसाठी नव्हे, स्वतःसाठी दिल्यासारखे झाले असते. निदान तेव्हा तसे वाटले.

घरी येऊन सांगितले. सौभाग्यवती कडाडल्या, "अहो, लोक मुलांसाठी काय काय करतात, आणि तुम्ही!" कन्या काहीच बोलली नाही. दोन दिवस बोलली नाही. सायकल घेऊन पहाटे मात्र जात राहिली, आणि ती सायकल जिन्याखालून काढण्याचा आवाज मी रोज अंथरुणातून ऐकत राहिलो.

तिसऱ्या दिवशी नवीनच अडचण निघाली. वसतिगृहात जागा नव्हती. संचालक म्हणाले, स्टेशनजवळ एखाद्या लॉजवर सोय करू. हे मी घरी सहज बोललो, तर सौभाग्यवतींनी पोळपाटावरून मान वर केली. "लॉजवर? एकटी मुलगी? काही डोके आहे की नाही तुमच्या समितीला? येऊ दे इथेच."

आली. इतवारी स्टेशनवर मीच तिला घ्यायला गेलो. उंच, सावळी, हातात एक पिशवी आणि एक चेंडू. मला 'सरजी' म्हणायची, सौभाग्यवतींना पहिल्या दिवशी 'आंटीजी' आणि तिसऱ्या दिवसापासून 'काकू'. तर्रीपोहे तिने पहिल्यांदा खाल्ले तेव्हा डोळ्यांतून पाणी काढले आणि दुसरी बशी मागितली. दोघी मुली एका खोलीत झोपत. पहिले चार दिवस त्या खोलीतून एक शब्द ऐकू आला नाही. पाचव्या दिवशी गच्चीवर चेंडूचा धप्प धप्प आवाज येऊ लागला आणि खालचे बिऱ्हाडकरू तक्रार घेऊन आले. भिलाईची मुलगी कन्येला डाव्या हाताने चेंडू नेण्याची काही युक्ती दाखवत होती. मी जिन्यात उभा राहून पाहिले. कन्येला ती जमत नव्हती, आणि तरी ती थांबत नव्हती.

स्पर्धेत आमचा संघ उपांत्य फेरीत हरला, तीन गुणांनी. करंडक वगैरे काही आला नाही. चाळीस मिनिटांच्या त्या सामन्यात कन्या आठ मिनिटे खेळली. मी घड्याळ लावून मोजली.

सामना संपल्यावर समितीचा सभासद म्हणून मी गुणपत्रकावर नजर टाकली. त्या दिवशी कळले की, बास्केटबॉलच्या गुणपत्रकात बाराही मुलींची नावे लिहिलेली असतात, बसलेल्यांचीसुद्धा. जी मैदानात उतरते तिच्या नावापुढे फुली करतात. सुरुवातीच्या पाच जणींच्या फुलीभोवती वर्तुळ काढतात. कन्येच्या नावापुढे फुली होती. वर्तुळ नव्हते. तीन वर्षांत ते पहिल्यांदाच नव्हते.

जामठ्याचा नायर 2025-26 च्या मोसमासाठी कर्नाटकात परतला, आणि आमची पाहुणीही भिलाईला. तिला गाडीत बसवून आम्ही बापलेक इतवारीहून स्कूटरवरून परत येत होतो. जगनाडे चौकात सिग्नलला थांबलो, तेव्हा मी हळूच विचारले, "अजून रागावली आहेस का ग?"

"मत दिल्याचा राग नाही, बाबा," ती मागून म्हणाली. "तुम्ही मत देऊन आलात आणि मग मला सांगितलंत. आधी सांगायचं होतं."

सिग्नल सुटला. मागच्या रिक्षावाल्याने भोंगा वाजवला, म्हणून मला काही बोलायचे राहून गेले.